आमच्या साडूंचा चुकलेला भूकंप

जगाच्या पाठीवर कुठंही धरणीनं नुसती कूस बदलली, तरी ती बातमी आधी बेळगावातल्या वडगावात आमच्या साडूंना कळते आणि मग बाकीच्या जगाला, असं माझं ठाम मत आहे. शास्त्रज्ञांना कदाचित त्यांच्याही आधी कळत असेल, पण शास्त्रज्ञ सकाळी चहाच्या आत मला फोन करत नाहीत. साडू करतात. "पावणं, उठलाय न्हवं? इंडोनेशियात उडालं बघा," एवढं बोलून ते थांबतात आणि पुढचं मी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा करतात. इंडोनेशियात डोंगर उडाला यावर पिरनवाडीतल्या माणसानं अंथरुणात बसून काय बोलावं, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. मी आपला "अरेरे" म्हणतो. त्यावर ते नाराज होतात. "अरेरे काय? कुणाच्या केसाला धक्का न्हाई. लई देखणं उडालंय. फोटो धाडतो, बघा." मग फोटो येतो. सगळे फोटो मला सारखेच दिसतात, पण तसं एकदा बोलून बघितलं होतं, ते पुन्हा बोलायची माझी छाती नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. आम्ही दोघंही विणकरांच्या घरातले. मी शहापुरातला वडिलांचा माग सोडून ऑफिसात चिकटलो आणि गावाबाहेर पिरनवाडीत घर बांधलं; साडू मात्र वडगावातल्या आपल्या गल्लीत, आपल्या चार यंत्रमागांपाशी राहिले. अंगानं किडकिडीत, आवाजानं मऊ. माणूस इतका सरळ, की रस्त्यात कुत्रं झोपलेलं असेल तर त्याला न उठवता हे सायकल उचलून पलीकडं नेतात. अशा माणसाला पृथ्वीच्या पोटातल्या आगडोंबाचं वेड लागावं, हे कोडं कुणालाच सुटलेलं नाही. गल्ली त्यांना 'भूकंप अण्णा' म्हणते. तोंडावरच म्हणते, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. उलट नवख्या पोस्टमननं नाव विचारलं, की ते स्वतःच तसं सांगतात.

पोपोकातेपेत्ल हे मेक्सिकोतल्या डोंगराचं नाव ते एका दमात, जीभ न अडखळता घेतात. माझ्या मुलीला मात्र दर भेटीत माझ्या मुलाच्या नावानं हाक मारतात. एटनाचं तर त्यांना माहेरवाशिणीसारखं कौतुक. ती धुमसायला लागली की "बाईला परत कळा सुटल्यात" म्हणून दिवसभर काळजीत, आणि शांत झाली की "निजली एकदाची." हल्ली फोनवर या डोंगरांसमोर लावलेल्या कॅमेऱ्यांचं चोवीस तास थेट प्रक्षेपण दिसतं. त्या दिवसापासून आमच्या आक्कांच्या संसारात सवत आली. साडू फोन मागाच्या लाकडाला टेकवून ठेवतात. एक डोळा साडीवर, एक आइसलंडवर. तिकडं लाव्हारस वर आला, की इकडं कांडीतलं सूत संपलेलं कळत नाही, आणि साडीच्या मधोमध विरळ पट्टा पडतो. अशी डागी साडी व्यापारी घेत नाही. ती घरातच राहते आणि आक्का नेसतात. त्यामुळं आक्कांच्या साड्या त्यांना रंगानं नव्हे, देशानं ओळखू येतात. एकदा कुणाच्या तरी बारशाला माझी बायको म्हणाली, "आक्का, जांभळी छान दिसतीया गं." तर आक्का निऱ्या सारख्या करत म्हणाल्या, "ही आइसलंडची. काठाजवळ बघ, तिथं फुटलाय. हिरवी हाय ती इंडोनेशियाची, ती काय बाहेर नेसण्यासारखी ऱ्हायली न्हाई."

वर्तमानपत्रांशी त्यांचं जुनं वैर आहे. 'बेळगावात भूकंप' असं ठळक अक्षरांत वाचून त्यांनी एकदा माझ्यादेखत चौकातून पेपर विकत घेतला आणि तिथंच उभ्याउभ्या उघडला. आत कुणा पुढाऱ्यानं पक्ष बदलल्याची बातमी. साडू तसेच परत गेले आणि पेपरवाल्याला म्हणाले, "ह्यात भूकंप कुठाय?" तो बिचारा म्हणाला, "राजकीय हाय अण्णा." "मग तसं वर लिवा की! माणसानं काय समजायचं?" त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला आहे. तेव्हापासून त्यांच्यापुढं 'पायाखालची जमीन सरकली' वगैरे बोलायची सोय राहिलेली नाही. माझ्या मेहुण्यानं एकदा दहावीच्या निकालाबद्दल तसं म्हटलं, तर साडूंनी ती नेमकी कुठल्या दिशेला सरकली, हे शांतपणे विचारलं.

त्यांना बोलायला माणूस लागतो आणि ऐकायला कुणी उभं राहत नाही, ही त्यांची खरी अडचण. म्हणून एका वर्षी शेजारच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनात थोडा वेळ बोलायला मिळतंय असं कळल्यावर ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. संयोजकांनी विचारलं, विषय काय? साडू म्हणाले, "सीमा." आमच्या भागात या शब्दाला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. लगेच बोलवून त्यांना माइकपुढं उभं केलं. "आपली खरी सीमा कुठं हाय, हे आजवर कुणी तुमाला सांगितलेलं न्हाई," साडूंनी सुरुवात केली. मंडप टाळ्यांनी दणाणला. "मी स्वता फिरून बघून आलोय. ही सीमा खानापूरच्या रानात हाय!" पुन्हा टाळ्या, एकदोघांनी घोषणाही दिल्या. "कारण तिथवरच लाव्हा आलता." मंडप गप्प झाला. साडू मात्र आता रंगात आले होते. निपाणीपासून सगळा काळा दगड हा पूर्वी वाहून आलेला लाव्हा कसा, खानापूर-कणकुंबीकडं तो पातळ होत होत कसा संपतो, पुढं निराळा दगड कसा लागतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. "वर कुणाचंबी सरकार असूंदे, खाली दगूड एकच," असा समारोप केला. मागच्या रांगेतले एक पागोटेवाले आजोबा उठून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे बाबा. आमचं गाव लाव्ह्यात येतंय का न्हाई, तेवढं सांग." साडू म्हणाले, "येतंय की!" तशा तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या आणि भाषण एकदाचं यशस्वी झालं.

निपाणीच्या एका लग्नातही त्यांनी अशीच शोभा केली होती. मुलीकडच्यांच्या मळ्यात मांडव, बाजूला मोठी विहीर. विहिरीच्या कातळात लाव्ह्याचे एकावर एक थर दिसतात हे कळल्यावर साडू अक्षतांच्या आधी काठावर पालथे पडले आणि डोकं आत घालून बघत राहिले. कुणीतरी मुलीकडचं ओरडलं, "वऱ्हाडी विहिरीत पडाय लागलाय!" मांडव रिकामा झाला. नवरदेवाच्या बापानं धावत येऊन साडूंचे दोन्ही पाय धरले आणि "पावणं, काय असंल ते बोलून मिटवूया" अशी विनवणी सुरू केली. साडू आतूनच म्हणाले, "जरा थांबा, चौथा थर दिसाय लागलाय." त्या लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरीपेक्षा साडूंची पायताणंच ठळक आली आहेत.

पण या सगळ्या हौसेच्या तळाशी एक दुःख होतं, आणि ते आम्हा घरच्यांना माहीत होतं. साडूंनी जन्मात कधी भूकंप अनुभवलेला नव्हता. ते लहान असताना एका पहाटे घर हललं, सगळी गल्ली अंगणात धावली, आई पोराला कडेवर घेऊन पळाली. आणि हे मात्र तिच्या खांद्यावर गाढ झोपलेले. "सगळ्यांनी बघितला, तू तेवढा निजलास," असं आई जन्मभर म्हणत राहिली. ती थट्टेनं म्हणायची, यांनी मनाला लावून घेतलं. एकदा, फक्त एकदा, धरणी हललेली आपली आपल्याला कळावी, एवढीच त्यांची इच्छा. कुणाचं वाईट होऊ नये, भिंत पडू नये, बारीकसाच असावा, पण अंगाला कळावा. देवापुढंही ते एवढंच मागत असावेत, आणि देवही बुचकळ्यात पडत असावा.

आता ज्याला धरणीची थरथर ऐकायची, त्यानं राहायचं कुठं? तर वडगावात! तिथं सकाळी माग सुरू झाले की सगळी गल्ली खडखडते, जमीन पायाला गुदगुल्या करते, भिंतीवरचे देव तिरके होतात. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या दिवशी घाबरून खांब धरतो. साडूंच्या घरी चहा कपातल्या कपात नाचत असतो आणि आक्का निवांत बोलत असतात. अशा ठिकाणी खरोखरचा भूकंप आला तरी त्याला ओळखणार कोण? साडूंनी यावर तोड काढली आणि ती माझ्या गळ्यात पडली. पिरनवाडीत माग नाहीत, तेव्हा यंत्र तिथंच बसवायचं ठरलं. यंत्र म्हणजे एक जुना धोटा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा जो लाकडी धोटा असतो, तोच. त्याच्या टोकाला खिळा ठोकून त्यांनी तो आमच्या जिन्याखाली दोरीनं टांगला आणि खाली परातीत रांगोळी पसरली. धरणी हलली की खिळा रांगोळीत रेघ ओढणार. "ह्याला हात लावायचा न्हाई, आणि जिन्यावनं जरा हळू चढायचं," असं माझ्या बायकोला बजावून ते गेले.

आमच्यापुढून खानापूरचा रस्ता जातो, त्यावर गोव्याचे ट्रक. ट्रक गेला की रेघ. शेजारणीची म्हैस अंग खाजवायला आमच्या भिंतीला टेकली की रेघ. दर रविवारी साडू सायकलवरून येत, परातीपुढं उकिडवे बसत आणि एकेक रेघ दाखवून विचारत, "ही कशाची?" बायको पोळ्या लाटता लाटता सांगे, "म्हशीची." "आणि ही?" "तुमच्या साडूंची. ऑफिसातनं रागानं आलते." मग ते हातानं रांगोळी पुन्हा सारखी करत, चहा घेत आणि न रागावता जात. जाताना त्यांची पाठमोरी सायकल बघून मला वाईट वाटे. एखाद्यानं किती साधी गोष्ट मागावी, आणि तीच कशी मिळू नये.

आणि मग तो खरंच आला. दुपारची वेळ होती. मी ऑफिसात खुर्चीत होतो. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं, पंखा झोके घ्यायला लागला, कुणीतरी "बाहेर पळा" म्हणालं, आणि आम्ही जिन्यापर्यंत पोचेतोवर सगळं संपलंही. कुणाला काही झालं नाही, कुठं भिंतही पडली नाही. अगदी साडूंनी मागितला होता तसाच आला. माझ्या मनात पहिला विचार त्यांचाच आला. फोन लावला तर लागेना. कारण साडू त्या वेळी कणकुंबीहून परतीच्या बसमध्ये होते. लाव्ह्याची सीमा पुन्हा एकदा बघायला गेले होते. ती बस आणि तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. पुढं साडूंनीच सांगितलं की एका ठिकाणी त्यांना जरा निराळा हिसका जाणवला होता. त्यांनी कंडक्टरला विचारलंही, "आता काय हललं का हो?" कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला, "रस्ता हिंगेच री अण्णा, असलाच. हलनार की."

बसमधून उतरल्यावर स्टँडवर त्यांना बातमी कळली. ते घरी गेलेच नाहीत, रिक्षा करून थेट आमच्याकडं आले. मीही ऑफिसातून नुकताच पोचलो होतो. चप्पल न काढता जिन्याखाली गेले. धोटा शांतपणे लोंबत होता, खाली परात होती, आणि परातीत रांगोळी नव्हती. माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि एकदम रडवेली झाली. "अण्णा, सकाळी दारात काढायला रांगोळी संपलती... म्हटलं, दुकानातनं आणून संध्याकाळी घालावी परत..." उंबऱ्यापुढं तिनं काढलेलं मोठं कमळ होतं. साडूंनी ते वाकून बघितलं. त्यात हलल्याची एकही खूण नव्हती. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "कमळ झॅक आलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमाला कळला न्हवं? सांगा बघू, कसा हुता?" मी म्हणालो, "हललं जरा." ते वाट बघत राहिले. मी म्हणालो, "म्हणजे... पंखा हलला." "एवढंच? पावणं, इतकं शिकलासा, आणि एवढंच सांगता येतंय व्हय?"

मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला गेलो. एकटं जाऊ द्यायला मन होईना. गल्लीत माग चालूच होते. साडूंनी चारपाच घरांत विचारलं. वडगावात कुणालाच काही कळलं नव्हतं. "इथं कुठलं कळतंय अण्णा, आमी तर चोवीस तास भूकंपातच," म्हणून लोक हसले. साडू आपल्या पायरीवर बसले. मी या माणसाला कधी इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं. "तवाबी निजलो, आताबी चुकला," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "आता काय आपल्या हयातीत परत येतोय?"

तेवढ्यात आक्का मागाच्या खोलीतून बाहेर आल्या. अंगावर तीच इंडोनेशियाची हिरवी. नवऱ्याचा चेहरा त्यांनी एकदा बघितला आणि म्हणाल्या, "मला कळला की."

साडूंनी मान वर केली. "तुला?"

"व्हय. सैपाकघरात हुतो मी. आदी लांबनं घुमल्यागत झालं, मोठी गाडी आल्यावानी. मग मांडणीवरली ताटं एकमेकाला लागली. मग खालनं कुणीतरी पाळण्याला हात लावल्यागत, एकदा इकडं, एकदा तिकडं. म्हटलं हात जोडावं, तवर थांबलं."

"आदी आवाज, का आदी हादरा?"

"आदी आवाज. मग बारीक हादरा, आन् त्याच्या मागनं मोठा."

साडू एकेक शब्द ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, पाळणा कुठल्या दिशेला, आणि आक्कांनी क्षणभरही न अडखळता दिशा सांगितली. मी चकित झालो. या बाई नवरा भूकंपाबद्दल बोलायला लागला की उठून आत जाणाऱ्या, "तुमचं चालू दे, माझी आमटी करपतीया" म्हणणाऱ्या. त्यांनी चहा ठेवला, आम्ही प्यालो, साडूंचा चेहरा हळूहळू उघडला. निघताना ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. तिथं आवाज जरा कमी होता.

"बरं झालं, आक्कांना तरी कळला," मी म्हणालो.

साडू हसले. "पावणं, माग चालू असताना आमच्या मांडणीवरली ताटं रोजच वाजत्यात. तिला कुठला कळतोय?"

मी स्कूटर परत स्टँडवर लावली.

"गाडीवानी घुमतंय, पाळण्यागत हलतंय, आदी बारीक मग मोठा, हे सगळं माझंच बोलणं हाय. लगीन झाल्यापास्नं मी तिला सांगत आलोय. मला वाटायचं, ही मनावर घेतच न्हाई. आमटी ढवळत बसती." त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. "समदं ऐकत हुती बघा, पावणं. अक्षर न् अक्षर. आन् तिनं इतक्या वर्सांत मला काय काय सांगितलं असंल, त्यातलं मला एक आठवंना."

त्यांनी माझा दंड दाबला आणि वळले. मी स्कूटर सुरू केली. मला आमच्या घरची आठवण झाली आणि लवकर जावंसं वाटलं.

सकाळचे फोन अजून येतात. जिन्याखालचा धोटा साडूंनी उतरवून नेला. का, ते मी विचारलं नाही. मात्र हल्ली दुपारी जेवणं झाल्यावर त्यांचे चारी माग थोडा वेळ बंद असतात. व्यापारी कुरकुरतो, शेजारी विचारतात. साडू गल्लीला सांगतात, भूकंपाची वाट बघायला शांतता लागते. परवा मी त्याच वेळेला गेलो. दोघं पायरीवर बसली होती. आक्का आपल्या लहानपणीचं, रायबागकडच्या मामाच्या मळ्यातलं काहीतरी सांगत होत्या, मोटेच्या बैलाचं. मला बघून त्या थांबल्या. साडूंनी हातानंच मला बसायची खूण केली आणि आक्कांकडं वळून म्हणाले, "हं, मग? बैलानं काय केलं?"